टेबल नंबर चारचा दुसरा भिडू

बबन गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की ही बबनचीच काहीतरी युक्ती असणार. सात महिने आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. तो मला बोलावून घ्यायला काहीही करील, असं मला वाटायचं. फोन निलेशचा होता. निलेश म्हणजे देऊळगाव राजात जालना रोडवरच्या गार्डन बारचा मालक आणि माझा जुना विद्यार्थी. "सर, बबनकाका गेले. दुपारी, दुकानातच... मशीनजवळ बसल्या बसल्या." मी विचारलं, "तुला कोणी सांगितलं?" तो म्हणाला, "मी इथंच उभा आहे, सर." "नक्की?" मित्र गेल्याची बातमी ऐकून 'नक्की?' विचारणारा माणूस मी आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

त्याला कारण आहे. बत्तीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला आणि त्यातली बरीच वर्षं परीक्षेच्या काळात भरारी पथकात काढली. पायमोज्यात, पट्टीच्या मागे, पाण्याच्या बाटलीच्या कागदाखाली चिठ्ठी कुठं असते हे मुलाच्या मानेवरून मला कळायचं. निवृत्तीनंतर पथक सुटलं, नजर सुटली नाही. भाजीवाली जास्त गोड बोलली तरी मी पिशवी उलटी करून बघतो. बायको असेपर्यंत ती मला आवरायची. तीही चार वर्षांपूर्वी गेली.

बबन मूळचा जानेफळचा, पण तहसीलसमोर त्याचं झेरॉक्सचं दुकान पंचवीस वर्षं होतं. आठवी शिकलेला माणूस, पण समोर आलेला प्रत्येक कागद वाचायचा. जातीचे दाखले, लग्नपत्रिका, प्रतिज्ञापत्रं, कुणाच्या लघवीचा रिपोर्ट. अर्ध्या गावाची गुपितं त्याच्या मशीनच्या काचेवर पालथी पडून गेली होती. बाहेर मात्र एक शब्द नाही. मी एकदा म्हणालो, "लोकांचे कागद वाचतोस, लाज नाही वाटत?" तो हसून म्हणाला, "मास्तर, कागद सरळ निघाला का नाई हे पाहा लागते ना. पाहता पाहता वाचल्या जाते, मी काय करू बे?" छापलेलं ते खरंच असतं अशी त्याची पक्की समजूत होती. हाताने लिहिलेल्यावर तो शंका घ्यायचा, टाईप केलेल्यावर कधीच नाही.

पुण्यातली नोकरी सोडून परत आलेल्या निलेशने दर शुक्रवारी संध्याकाळी साडेसहा ते आठ बारमध्ये सामान्यज्ञानाची स्पर्धा सुरू केली. टेबलाटेबलावर प्रश्नांचा कागद, दोघा-तिघांचा संघ, जिंकणाऱ्या टेबलाला पनीर टिक्क्याची प्लेट. आमच्या गावात बारमध्ये जाणं म्हणजे 'जेवायला जाणं' असतं. त्यातून मी मास्तर. म्हणून मागच्या फाटकातून शिरायचं, झाडामागचं चार नंबरचं टेबल धरायचं आणि बिअर स्टीलच्या पेल्यात मागवायची. त्या पेल्यात काय आहे हे साऱ्या गावाला ठाऊक होतं, पण पेला स्टीलचा असल्याने सगळ्यांची सोय व्हायची.

पहिल्या शुक्रवारी मी एकटाच गेलो होतो. मंगोलियाची राजधानी विचारली होती. बत्तीस वर्षं जे नाव मुलांकडून घोकून घेतलं ते जिभेवर येईना. नकाशा डोळ्यांसमोर होता, रंगसुद्धा दिसत होता, नाव तेवढं पुसलेलं. शेजारच्या टेबलावरच्या बँकेतल्या पोरांनी लगेच लिहिलं आणि माझ्याकडे बघून हसली. मी उठलो आणि सरळ घरी आलो. वाटेत बबनचं दुकान लागलं. त्याने हटकलं, "काऊन बे मास्तर, असा काऊन चालून राह्यला?" मी खाली पाहिलं. चपला बारमध्येच राहिल्या होत्या. तो स्वतः जाऊन घेऊन आला.

पुढच्या शुक्रवारी तो माझ्याबरोबर टेबलावर येऊन बसला. "मले काई येत नाई, पन तुह्या संगतीनं बसतो." दारूच्या थेंबाला न शिवणारा माणूस. लिंबू सोडा घ्यायचा आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायचा. आम्ही जिंकायला लागलो. मी उत्तरं सांगायचो, तो आपल्या वळणदार अक्षरात लिहायचा. मला अडलं तर कधीमधी हळूच म्हणायचा, "हे असं तं नसंल?" आणि ते तसंच असायचं. मुलं टाळ्या वाजवायची. वर्षभर मी फार सुखात होतो. बायको गेल्यानंतर आठवड्यातला एखादा दिवस यावासा वाटणं, हेच मी विसरलो होतो.

पण आठवी शिकलेल्या माणसाला ही उत्तरं कुठून येतात? न पिणारा माणूस दर शुक्रवारी बारमध्ये काय करतो? एकदा गुरुवारी सकाळी मी दुकानावरून जात होतो. निलेशचा माणूस कागद देऊन गेला आणि बबनने ते मशीनवर ठेवले. मी खांबाआड थांबलो. शुक्रवारचा पेपर होता, उत्तरांच्या कागदासकट. सगळं तिथंच होतं आणि मी वर्षभर ते पाहिलं नव्हतं, याचाच मला जास्त राग आला.

मी निलेशला गाठलं आणि पथकातली जुनी रीत सांगितली. उत्तरांच्या कागदावर एक उत्तर मुद्दाम चुकीचं छाप. मानवी शरीरातलं सर्वांत लहान हाड कुठं असतं? कानात. निलेशने छापलं, नाकात. त्या गुरुवारी बबन सकाळी छपाई आटपून भाच्याच्या साखरपुड्याला जानेफळला गेला होता. शुक्रवारी थेट टेबलावर आला. तो प्रश्न आला तेव्हा मी म्हणालो, "मला आठवत नाही, तू सांग." त्याने माझ्याकडे पाहिलं, जरा थांबला आणि लिहिलं... नाकात.

मी तेव्हा जे केलं ते आजही मला जसंच्या तसं दिसतं. मी खुर्ची मागे सारली आणि परीक्षेच्या हॉलमधल्या आवाजात म्हणालो, "पेपर बाजूला ठेव. उभा राहा." सगळ्या टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. आणि बबन, पासष्ट वर्षांचा, नातवंडं असलेला बबन खरोखरच उभा राहिला, हात मागे बांधून. मी विचारलं, "कधीपासून चाललंय?" तो म्हणाला, "चुकलं, मास्तर." बस, एवढंच. सोडा तसाच सोडून तो मागच्या फाटकातून निघून गेला. आपण बरोबर पकडलं याचं त्या संध्याकाळी मला समाधान वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं होतं. तेव्हापासून मीही तिथं गेलो नाही.

तेराव्यानंतर त्याच्या सुनेने, संगीताने, मला दुकानात बोलावलं. आता दुकान तीच बघते. तिने खालच्या कप्प्यातून वाया गेलेल्या प्रतींचा गठ्ठा काढला. काळपट आलेल्या, तिरक्या निघालेल्या, पण सगळ्या शुक्रवारच्या स्पर्धेच्या. प्रत्येकीवर पाच-सहा प्रश्नांपुढे निळ्या पेनाने 'मास्तर' असं लिहिलं होतं.

"काका, बाबा दर गुरुवारी हे घेऊन बसत. म्हनत, एवढे मास्तरच्या कानावर टाका लागते. मग कचोरी घेत अन् तुमच्याकडं येत." मी विचारलं, "कशासाठी?" ती मशीनचं झाकण पुसत राहिली. मग म्हणाली, "तुमी विसरून राह्यले, असं त्याह्यले वाटे. तुमाले सांगू नको म्हनत. मास्तर खचून जाईन म्हनत."

मला आठवलं. दर गुरुवारी संध्याकाळी तो ओट्यावर यायचा आणि पिकापाण्याच्या, लग्नांच्या, निवडणुकीच्या गप्पांमध्ये मधूनच विचारायचा, "मास्तर, ते अमुक काय असते रे?" मी मोठ्या ऐटीत त्याला शिकवायचो. मी अडलो की तो म्हणायचा, "कुठंतरी वाचलं होतं बा..." दुसऱ्या दिवशी उत्तर माझ्या डोक्यात असायचं आणि ते कुठून आलं तेवढं पुसलेलं असायचं. माझ्या विसरण्यावरच त्याने सगळा डाव उभा केला होता, आणि म्हणूनच मला तो कधी दिसला नाही.

तरीही मी घरी येऊन तपासलं. संगीताने सासऱ्याचं नाव राखायला हे नंतर लिहिलं नसेल कशावरून? मी अक्षर भिंगाखाली पाहिलं. मी कोणत्या शुक्रवारी कोणती उत्तरं दिली याची माझी वही होती, पथकातली सवय. ती शेजारी उघडली आणि एकेक आठवडा जुळवत गेलो. ज्यांच्यापुढे 'मास्तर' होतं ती उत्तरं मी दिली होती. जवळजवळ सगळी. शेवटच्या कागदावर इतर पाच प्रश्नांपुढे 'मास्तर' होतं, हाडाच्या प्रश्नापुढे मात्र काहीच लिहिलेलं नव्हतं. म्हणजे ते मला येईल असं त्याने धरलं होतं. मी आठवत नाही म्हणालो तेव्हा तो थांबला, तो त्यासाठी. मग त्याने मला वाचवायला छापील उत्तर लिहिलं. बत्तीस वर्षांत मी पकडलेल्या सगळ्या कॉप्यांत सगळ्यात मोठी माझी होती आणि शिक्षा मी त्याला दिली. भर बारमध्ये तो एक वाक्य बोलला असता तर सुटला असता. मी मात्र गावात तोंड दाखवू शकलो नसतो. मी फार रडलो त्या दिवशी.

गेल्या शुक्रवारी मी पुन्हा गेलो, पुढच्या फाटकातून. निलेशला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सर, सोडा ना आता," आणि माझ्यापुढे कागद ठेवला. पंधरा प्रश्नांपैकी तीनच आले. त्यातला एक : कर्कवृत्त भारतातल्या किती राज्यांतून जातं? आठ. लगेच आलं. भूगोलाच्या मास्तराला यायलाच हवं. पण मी पेन धरून बसलो. हे मला शाळेमुळे येतं की बबनमुळे? मी वर्ग आठवून पाहिला, फळा आठवून पाहिला, काही दिसेना. दिसत होता तो ओट्यावर बसलेला बबन, कचोरीचं तेल लागलेली बोटं एकेक मिटत, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, छत्तीसगड... आणि मधेच थांबून, "पुढचं सांग ना, मास्तर." खरंच असं झालं होतं, की मीच आता ते रचून घेतोय? माझ्या डोक्यातलं कुठलं माझं आणि कुठलं त्याचं, हे सांगू शकणारा एकच माणूस होता.

मी आठ लिहिलं. वरच्या रकान्यात खेळायला हजर असलेल्यांचीच नावं लिहायची, असा नियम आहे. मी दोघांची लिहिली.