लाभ, मग दोन

आमच्या दुकानात अजून दोन-चार म्हाताऱ्या अशा येतात, की ज्यांना काट्यावरचे लाल आकडे पटत नाहीत. त्यांना ज्वारी पायलीनंच मोजून हवी. आमचं दुकान नाचणगावात, किराणा आणि धान्याचं. माझं माहेरही दुकानदारीचंच, तेव्हा गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायची नाही हे बाळकडू मला लहानपणीच मिळालेलं. घरच्यांशी घालते, ती गोष्ट वेगळी.

तर अशाच एका म्हातारीसाठी मी एकदा सकाळी वरच्या फळीवरची पायली काढली. स्टुलावर चढले, उतरले, पोत्यात वाकले, पायली भरली, वरून हात फिरवून सपाट केली आणि तिच्या पिशवीत ओतत म्हटलं, "लाभ." धान्य मोजताना पहिल्या मापाला आम्ही एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. लाभ, दोन, तीन, असं. दुसरी पायली ओतली आणि तोंडातून 'दोन' निघेचना. श्वासच नव्हता. पायली हातात, तोंड उघडं, आणि म्हातारी माझ्याकडे टकमक बघतेय.

"काय झालं वं बाई?" तिनं विचारलं.

मी नुसती मान हलवली. थोड्या वेळानं श्वास आला, 'दोन'ही आलं, बाकीच्या पायल्या नवऱ्यानं मोजून दिल्या. त्याला वाटलं, उन्हामुळे झालं असेल. मला मात्र उन्हाचं काही वाटलं नव्हतं. ते कशाचं होतं हे मला पक्कं ठाऊक होतं.

माझी आई अशीच गेली. माहेरच्या दुकानात, पायली हातात घेऊन. "लाभ" म्हणाली आणि दोन म्हणालीच नाही. समोरचं गिऱ्हाईक पिशवी धरून उभं. त्याला वाटलं, बाई दम खातेय. मी मागच्या खोलीत मिरच्यांची देठं खुडत होते. मी तो लाभ ऐकला. पुढची शांतताही ऐकली. मला आठवतं, मी मनात चिडून म्हटलं होतं, म्हण ना बाई दोन, किती वेळ. पण उठून पाहिलं नाही. हातातल्या मिरच्या संपवून उठले. ती तेव्हा एकोणपन्नास वर्षांची होती.

आई जाड होती. लोक म्हणायचे, खात्यापित्या घरची आहे. जन्मभर दुसऱ्यांचा माल तोलला, पण स्वतः कधी काट्यावर चढली नाही. कुणी म्हटलंच तर, "मी का पोतं आहो?" म्हणून हसायची. मी तिचीच लेक. माझं 'दोन' अडलं त्या सकाळी मला अठ्ठेचाळीस पूर्ण झाली होती, आणि माझं वजन किती हे मला माहीत नव्हतं. माहीत नव्हतं कसलं, मी माहीत करूनच घेतलं नव्हतं.

वर्तमानपत्रातून पडलेलं एक पत्रक मी गल्ल्याखाली जपून ठेवलं होतं. नव्वद दिवसांत पंधरा किलो, खात्रीशीर. दुसऱ्याच दिवशी वर्धेला गेले. ते सेंटर दुसऱ्या मजल्यावर. आता बोला! जाड माणसांचं दुकान आणि चढायला दोन जिने! मधल्या वळणावर मी कठडा धरून उभी राहिले आणि मोबाईल बघत असल्याचं नाटक केलं.

वर एक गोड बोलणारी मुलगी होती. तिनं मला काचेच्या मशीनवर उभं केलं, हातात दोन दांडे दिले, आणि एक कागद काढून समोर ठेवला. एक्क्याण्णव किलो दोनशे. त्याखाली लिहिलं होतं, शरीराचं वय चौसष्ट.

"मॅडम, तुमचं शरीर तुमच्यापेक्षा सोळा वर्षांनी म्हातारं आहे," ती म्हणाली. "आता नाही तर कधी?"

माझे कान गरम झाले. चौसष्ट म्हणजे आईच्याही कितीतरी पुढे. मला वाटलं, मी केव्हाच मरायला हवं होतं, कुणाच्या लक्षात आलं नाही म्हणून राहिले. फी तीस हजार, पावडरचे डबे वेगळे, शनिवारपर्यंत भरले तर जागा राखून ठेवू, असं ती सांगत होती. मी प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होते. जिना उतरताना लक्षात आलं, की मी भाव केला नाही. मी! कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवालीला रडवणारी बाई, तीस हजाराला एक शब्दही बोलले नाही. त्यावरून मला कळलं, मी किती भ्याले आहे ते.

घरी नवऱ्याला कागद दाखवला. त्यानं चष्मा लावून दोनदा वाचला.

"तुह्या जिवाचं आहे, मी नाई म्हणत नाई," तो म्हणाला. "पण ते तीस हजारात देऊन काय राह्यले, ते तं सांग."

"पावडर देतात. रोज सकाळी फोन करतात. काय खाल्लं ते विचारतात."

"ते तं मी फुकटात विचारतो."

"तुमाले माह्या जिवाची कायची पडली हो!" मी अशी ओरडले, की बाहेरचं गिऱ्हाईक परत गेलं. नवऱ्यानं बिचाऱ्यानं कागदाची घडी करून माझ्या हातात दिली. खरं तर त्यानं विचारलेला प्रश्न बरोबर होता, म्हणून मी ओरडले.

पुढचे तीन दिवस तोच विचार. पावडरनं कमी होईल का? होतही असेल. नंतर परत वाढेल का? तेही असेल. पण मला पावडर नकोच होती. मला कुणीतरी छातीठोकपणे सांगायला हवं होतं, की बाई, तुझं आईसारखं होणार नाही. त्या पत्रकावर 'खात्रीशीर' लिहिलेलं होतं, आणि मी त्या एका शब्दाला तीस हजार मोजायला निघाले होते. हे कळत असूनही मी शनिवारी पैसे पर्समध्ये घातले. नवरा मला बसस्टँडवर सोडून आला.

सेंटरमध्ये ती मुलगी फोनवर होती. मी खुर्चीत बसून दम खात होते. समोर ते काचेचं मशीन, त्यावर कुणीच नव्हतं. माझी नजर आपोआप आकड्याकडे गेली. आमच्याकडे पोरांना पाढ्यांच्या आधी हे शिकवतात, की माल ठेवण्याआधी रिकामा काटा पाहायचा. मशीन रिकामं होतं आणि आकडा होता एक किलो आठशे.

जुन्या तराजूला असं असलं तर आम्ही त्याला पासंग म्हणतो. एक पारडं मुळातच जड. गिऱ्हाइकाच्या लक्षात आलं तर दुकानदाराची अब्रू जाते.

"हे शून्य करून घ्या ना," मी म्हटलं.

"ते तसंच असतं, मॅडम. गरम झालं की होतं."

"आणि नव्वदाव्या दिवशी थंड असतं का?"

ती हसली, पण तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. पहिल्या दिवशी पासंगासकट तोलायचं आणि शेवटच्या दिवशी पासंग काढून, म्हणजे पावणेदोन किलो बसल्या जागी कमी. मी पर्स काखेत घट्ट धरली आणि उठले. जिने असे उतरले, की जणू पंधरा किलो कमी झाले होते. काय आनंद झाला म्हणून सांगू! ते वजन खोटं, तो कागद खोटा, ते चौसष्ट खोटं. बसमध्ये मी एकटीच हसत होते. उतरायचं पुलगाव येईपर्यंत मला काहीही झालेलं नाही असं मी ठरवून टाकलं होतं.

दुपारी दुकानात नवऱ्याला सगळं रंगवून सांगितलं. तोही हसला. मग म्हणाला, "चल, मंग खरं किती ते तं पाहू." आणि कोपऱ्यातल्या पोत्यांच्या काट्याकडे बोट दाखवलं.

माझं हसू तिथंच थांबलं. शटर अर्धं ओढायला लावलं. चपला काढल्या. रिकामा काटा पाहिला, शून्य. मग चढले. एकोणनव्वद किलो चारशे.

मी ताबडतोब वजाबाकी केली. त्यांचा पासंग काढला की बरोबर एवढंच उरत होतं. त्यांनी मला फसवलं होतं ते पावणेदोन किलोंनी. बाकीचं सगळं माझं होतं, आणि या काट्याशी वाद घालायची सोय नव्हती, कारण तो खरा आहे हे मी रोज सकाळी स्वतः तपासत होते.

"मले लय भेव लागून राह्यलं हो," मी काट्यावरूनच म्हटलं. "माही माय लाभ म्हणून गेली. माह्याही तोंडून परवा दोन निघालं नाई."

इतक्या वर्षांत हे मी त्याला पहिल्यांदा सांगितलं. त्यानं माझ्या चपला पुढे सरकवल्या आणि म्हणाला, "ऊन नवतं तं ते. सोमवारीच सावंगीले जाऊ."

सावंगीच्या दवाखान्यात साखर वाढलेली निघाली आणि बीपीसुद्धा. छातीची ईसीजीची पट्टी काढतानाही मी डोळे मिटून पडले होते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, इतके दिवस का नाही आलात? वेळ मिळाला नाही, असं मी खोटंच सांगितलं. गोळ्या मिळाल्या, चालायला सांगितलं, आणि काय खायचं याचा कागद दिला. त्यात भाकरी, वरण, पालेभाजी, सगळं आमच्याच दुकानातलं. 'खात्रीशीर' हा शब्द त्यात कुठंच नव्हता. मी विचारलंही, "मग मला काही होणार नाही ना?" त्या म्हणाल्या, "तसं सांगता येत नाही, आजी." आजी म्हणाली बया! पण रागवायचीही ताकद नव्हती.

तेव्हापासून दर सोमवारी दुपारी शटर अर्धं ओढून मी काट्यावर चढते. दोन सोमवार आकडा हललाच नाही. तिसऱ्या सोमवारी शंभर ग्रॅम वाढला, तेव्हा मी पातेलं आपटलं. भीती काही जात नव्हती. जिना दिसला की ती पायात यायची.

सहाव्या सोमवारी चढले आणि वर बघवेना म्हणून डोळे मिटून घेतले. नवऱ्यानं वाकून आकडा पाहिला. अठ्ठ्याऐंशी किलो चारशे. एक किलो उतरला होता. तो जुना दुकानदार, त्याच्या तोंडून एक निघतंय कसलं. तो मोठ्यानं म्हणाला, "लाभ!"

आणि गप्प झाला.

मी डोळे उघडले. दुकानात तीच शांतता होती. मागच्या खोलीत कुणी मिरच्या खुडत नव्हतं. मी त्याचा हात घट्ट धरला.

"पुढं म्हणा."

"अवं, एकच तं उतरला."

"राहू द्या एकच," मी म्हटलं. "तुमी दोन म्हणा."