एकेचाळीस ओळी

माझी मावशी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं आकडे भरायची. तपासनीस काचेच्या बशीत वाढलेले जंतूंचे ठिपके मोजून कागदावर लिहिणार, मावशी तेच कॉम्प्युटरवर चढवणार. कागदावर चहा सांडून आकडा पुसला असेल, तर जिना उतरून विचारून येईल, पण मनानं काही घालणार नाही. आम्ही चिडवायचो, "मावशी, घड्याळ बंद पडलं तरी तू म्हणशील, सव्वाचारच वाजलेत."

यंदा नवे साहेब आले. त्यांनी कॉम्प्युटरवर एक तपासणी बसवली. ठिपक्यांच्या रकान्यात निव्वळ आकडा असेल तर ओळ राहणार. एक अक्षर जरी सापडलं, तरी ओळ आपोआप बाद. टायपिंगच्या चुका पकडायला ठीक आहे हो. पण या शहाण्यानं बाद झालेल्या ओळी एकदा तरी उघडून बघाव्यात की नाही?

मावशीनं बघितल्या. एकेचाळीस होत्या, सगळ्या एकाच टाकीच्या, आमच्या वस्तीच्या. बशी ठिपक्यांनी गच्च भरली की तपासनीस आकडा लिहीत नाहीत, 'मोजण्यापलीकडे' असं लिहितात. म्हणजे सगळ्यात घाण पाणी तेवढं वगळलं, उरलेल्याची सरासरी काढली आणि अहवाल दिला, पिण्यास योग्य! इकडे माझी चार वर्षांची पोर आठ दिवस जुलाबांनी निपचित पडलेली. डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुठलं पाजता? आणि मी मूर्ख त्यांना तोच अहवाल दाखवत होते. अजून आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

मावशी साहेबांकडे गेली. "साहेब, या ओळी चुकीच्या नाहीत."

"बाई, त्यात आकडा आहे का?"

"नाही, पण त्याचा अर्थ..."

"अर्थ राहू द्या. आकडा असेल तर या."

मग ती तपासनिसांकडे गेली. ते म्हणाले, "तीनशेपर्यंत मोजतो आम्ही. त्यापुढे हात टेकतो. किती असतील, देव जाणे."

मावशी जागेवर येऊन बसली. मग तिनं एकेचाळीस ठिकाणी 'मोजण्यापलीकडे' पुसून तीनशे घातलं. तेवढे तर नक्कीच होते. सगळ्या ओळी तपासणीतून पार झाल्या, सरासरी कुठल्या कुठे गेली आणि दुसऱ्याच दिवशी टाकी बंद करावी लागली. आत सांडपाण्याचा पाइप झिरपत होता.

शाबासकी? कसली डोंबलाची! मावशीला नोटीस आली, नोंदींत फेरफार केल्याची. खाली उत्तराला दोन चौकोन, हो आणि नाही.

मी तिच्या घरी गेले तेव्हा ती चष्मा लावून 'हो'वर खूण करत होती. मी कागदच ओढला. "अगं, वेडी आहेस का? टाकीचं लिही! माझ्या पोरीचं लिही!"

"कुठे लिहू? जागा आहे का?" ती म्हणाली. "आणि फेरफार केलाय मी. दे इकडे."

बावीस वर्षांची नोकरी गेली तिची. आता तिच्या खुर्चीवर दुसरी बाई बसते. पहिल्याच दिवशी साहेबांनी तिला बजावलंय, आकडा नसेल तर ओळ जाऊ द्यायची, विचारायला यायचं नाही.