लाल थेंबाखालचा स्क्रू

१९६४ च्या मे महिन्यात, राजूरला, सकाळी दहाच्या सुमारास, मी एका शहीद झालेल्या मित्राच्या हातचा स्क्रू फिरवला. फिरवायची काहीच गरज नव्हती.

मी, राठोड, तेव्हा हवालदार होतो, रेडिओ मेकॅनिक. महागावजवळच्या तांड्यावर दोन महिन्यांच्या रजेवर आलो होतो. तो मित्र म्हणजे नाईक किसन वानखडे, माझ्याच वर्कशॉपचा. रोज सकाळी पाच वाजता पीटी, आठला बेंच. त्याच्या बेंचवर प्रत्येक हत्यार आपल्या जागी असे. माझ्या बेंचवर चहाचा मग आणि सोल्डरिंग आयर्न एकमेकांची जागा बळकावून बसलेले. मी दोनदा मग समजून आयर्नला हात घातला आहे.

बासष्टच्या नोव्हेंबरात किसनला पूर्वेकडच्या डोंगरात पुढच्या चौकीवर पाठवलं. तिथला सेट बंद पडला होता. मी मागे, बटालियनच्या सेटवर. १४४० ला, म्हणजे दुपारी दोन चाळीसला, त्याचा आवाज आला.

"सेट ओके. रिपोर्ट माय सिग्नल. ओव्हर."

"लाउड अँड क्लिअर. ओव्हर."

उत्तर आलं नाही. मी संध्याकाळी १९१० पर्यंत बोलावत राहिलो. मग आम्हाला मागे हटायचा हुकूम आला.

त्यानंतर राजूरला जायला मला दीड वर्ष लागलं. रजा एकदा मिळाली होती, हिंमत मिळाली नव्हती.

किसनचे वडील कवडूबाबा कोळशाच्या खाणीत कामाला होते. क्वार्टर दोन खोल्यांचं, पण वीज होती. जयभीम झाला, चहा झाला, आणि बाबांनी चादरीत गुंडाळलेला एक डबा पुढे ठेवला. किसनने लष्करी डिस्पोजलच्या लिलावातून घेतलेला व्हॉल्व्ह व्होल्टमीटर, व्होल्ट मोजायचा. पेन्शनीवर आल्यावर राजूरला रेडिओचं दुकान टाकायचं, म्हणून त्याने तो घरी आणून, दुरुस्त करून ठेवला होता.

बाबांनी सांगितलं ते असं. खाणीतला एक फिटर हा मीटर मागून घेऊन गेला आणि परवा परत करताना चार लोकांत म्हणाला की, तुमच्या पोराचं काम कच्चं होतं, हा जास्त दाखवते.

"मले यंत्र चालू नाही पाह्यजे," बाबा म्हणाले. "माझ्या पोरानं लावलेलं माप खरं हाय का खोटं, तेवढं सांग."

मी छाती पुढे काढून बसलो. व्हॉल्व्ह तापायला पंधरा मिनिटं दिली, काटा शून्यावर आणला, बॅटरीचा कोरा सेल लावला. सेल दीड व्होल्टच्या थोडा वर दाखवायला हवा. काटा गेला १.७ वर.

"सेटिंग बिघडली आहे, बाबा," मी म्हणालो.

बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

मागचं झाकण काढलं. कॅलिब्रेशनच्या, म्हणजे माप जुळवायच्या, स्क्रूवर लाल रंगाचा थेंब वाळलेला होता. हलू नये म्हणून मेकॅनिक असा थेंब टाकतो. किसनच्या बायकोने, वच्छलावहिनीने, दारातूनच सांगितलं की तो पोळ्याचा रंग आहे. शेजाऱ्याच्या बैलांची शिंगं रंगवून उरलेला तिनेच वाटीत आणून दिला होता. मी "हो का?" म्हणालो आणि स्क्रूड्रायव्हर घातला. थेंब कट्‌ करून तुटला. काटा मी बरोबर १.५५ वर आणला आणि मोठ्या समाधानाने प्रोब, म्हणजे सेलला टेकवायचा दांडा, खाली ठेवला.

तेव्हा मला प्रोबवरचा स्विच दिसला.

सेल मोजताना तो डीसीवर हवा. तो होता दुसऱ्या बाजूला, एसीवर. तसा राहिला की मीटर दहा टक्के जास्त दाखवतो. रिक्रूटला हे पहिल्या आठवड्यात शिकवतात; मी स्वतः ते चाळीस रिक्रूटांना शिकवलं होतं. दिवसभर एसी मोजणारा फिटर सेलही तसाच मोजून स्विच तिथेच ठेवून गेला, आणि मी पाहिलं नाही. स्विच डीसीवर केला. काटा १.४ वर आला. आता मीटर खरोखरच खोटं बोलत होता, आणि तो मी बिघडवला होता.

काटा परत १.५५ वर आणणं दोन सेकंदांचं काम. कोणाला कळलंही नसतं. पण मग ते माप माझं झालं असतं, आणि बाबांनी माझं विचारलं नव्हतं. मी सगळं सांगून टाकलं.

बाबांनी डबा स्वतःकडे ओढला. "म्हणजे आता कवाच समजनार नाही?"

वहिनी वाकून आत बघत होती. "थेंब तुटला हाय, पडला नाही," ती म्हणाली. "अर्धा स्क्रूवर हाय, अर्धा पत्र्यावर. जोडून पाहा ना."

मी हळूहळू स्क्रू उलटा फिरवला. तुटलेल्या दोन्ही कडा समोरासमोर आल्या आणि बांगडीच्या तुकड्यांसारख्या एकमेकींत बसल्या. काट्याकडे मी पाहिलं नाही. आधी फिटरला बोलावणं धाडलं: इलेक्ट्रिक ऑफिसातला खात्रीचा, स्टँडर्ड मीटर घेऊन ये.

तो आला. बरं माणूस होतं. एकाच सेलवर दोन्ही मीटर लावले. मग पाहिलं.

स्टँडर्ड, १.५५. किसन, १.५५.

फिटरने पुन्हा एकदा लावून पाहिलं. मग बाबांच्या पायाला हात लावला. चार लोकांत बोललो होतो, चार लोकांतच सांगतो, म्हणाला. बाबांनी टोपी घातली आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आम्ही सगळे उगीचच मीटरकडे पाहत बसलो.

मग मी म्हटलं, वहिनी, रंग असला तर द्या, नवीन थेंब मी टाकतो.

तिने माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर आधी काढून घेतला.

"राहू द्या, भाऊजी. त्यायनं पत्रात लिवलं होतं, राठोड मनानं सोनं हाय, पण त्याले कोनत्याच मशिनीजवळ एकटं बसू देऊ नये."