वडिलांची जुनी पायताणं

कुत्र्याकडून माणूस माया शिकतो म्हणतात. मी आधी भ्यायला शिकलो.

वडील गेल्यावर घर खायला उठलं, म्हणून शिरोलीच्या एका कारखान्यामागून पिल्लू आणलं. महिन्याभरात त्यानं घरातली झाडून सगळी पायताणं फाडली, माझे बूटसुद्धा. दारातल्या वडिलांच्या जाडजूड कातडी कापशी पायताणांना मात्र तोंड लावलं नाही.

आमच्यात बाराव्याला गेलेल्याच्या नावानं पायताण दान करतात, वाटेत काटे टोचू नयेत म्हणून. वडिलांची सवयीची जोडी द्यायला माझा जीव होईना. मी बाजारातून नवी आणून दिली होती.

वडील रोज दिवेलागणीला दूधकट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन घरी परतायचे. त्यांना कधीच न पाहिलेलं ते कुत्रं नेमकं त्याच वेळेला उंबऱ्यावरून उठायचं, शेपूट हलवत भिंतीकडं सरकायचं आणि कुणीतरी आत जाईपर्यंत थांबावं तसं थांबून परत बसायचं.

एकदा मी वैतागून ओरडलो, "कुणाला वाट देतंयस रं? कोण न्हाय तितं!"

आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याच्यावर कशाला खेकसतोस? नवी चावत असतील त्यास्नी. जुनी न्यायला येत्यात, आन् तू देत न्हाईस."

दुसऱ्याच दिवशी ती जोडी मी देवळाबाहेरच्या एका अनवाणी म्हाताऱ्याला दिली.

तेव्हापासून कुत्रं दिवेलागणीला उंबऱ्यावरून उठत नाही. उठावं, असं मला फार वाटतं.