सुधाकाकूंची पाचवी जागा

वर्ध्याला समुद्र नाही. नदी आहे, धरण आहे, आणि मे महिन्यात त्या सगळ्यात मिळून म्हशीची पाठ भिजेल एवढं पाणी असतं. तरीही आमच्या सिंदी मेघे वस्तीतलं कोणी कोकणात निघालं, की हॉटेलची चौकशी मोबाइलवर आणि सूर्यास्ताची चौकशी सुधाकाकूंकडे, हा आमच्याकडचा रिवाज होता.

सुधाकाकू प्राथमिक शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. समुद्र त्यांनी उभ्या जन्मात पाहिलेला नव्हता. पण किनाऱ्यावरच्या एका गावात दिवस कुठून कसा बुडतो, हे त्यांना अंगणातल्या तुळशीइतकं पाठ होतं. त्या गावाचं नाव त्या घेत नसत, 'तिकडे' म्हणत. गेटशीच उभं राहून सांगत, "जेट्टीवर जाजो, पन टोकावर नोको, तठी उन्हात मच्छी वायत घालते. दीपगृहाच्या उतारावर बसाचं असंल तर लवकर जा, नाई तर जागा भेटत नाई. किल्ल्याच्या भिंतीवरून सूर्य सीधा पान्यात पडते. अन् खाडीच्या तोंडाशी तर दोन दिसते, एक वर, एक खाली."

या माहितीची त्यांची फी एकच होती. काढलेले सगळे फोटो त्यांना पाठवायचे. हललेले, अंधारलेले, मध्येच कोणी परका माणूस घुसलेला, तेसुद्धा. लोकांना वाटे, दुरून डोंगर साजरे, म्हातारीला हौस आहे. फोटो पाठवून लोक विसरून जात.

काकू विसरत नसत. दोन बोटांनी फोटो मोठा करत आणि सूर्याकडे ढुंकूनही पाहत नसत. त्या मागची माणसं पाहत. कोणाची मान, कोणाचे कान, पाठीला बॅग लावून उभा असलेला एखादा पोरगा. त्या अभिरामला शोधत होत्या.

अभिराम त्यांचा एकुलता एक. सहा वर्षांपूर्वी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना, मित्रांबरोबर तिकडे गेला आणि परत आला नाही. देहही मिळाला नाही. त्याचे वडील देवेंद्रराव कचेरीत कारकुनी केलेले, सरळ रेघेत चालणारे गृहस्थ. त्यांनी वर्षभर वाट पाहिली, आणि मग ज्याचा देह सापडत नाही त्याचा करतात तसा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. काकू त्या दिवशी खोलीबाहेर आल्या नाहीत. "पानं जाळले तुम्ही," एवढंच त्या रात्री जेवताना म्हणाल्या. फोटोंवरून दोघांची जुंपायची. "गेलेला मानूस लोकाइच्या हनिमूनच्या फोटोत भेटते का?" देवेंद्रराव विचारत. काकू मोबाइल पदराखाली घेत आणि ते झोपले की पुन्हा काढत.

पोरगा पोहायला उतरला आणि बुडाला, असं सगळी कॉलनी धरून चालली होती. देवेंद्ररावही. खरं काय ते एकट्या काकूंना ठाऊक होतं, कारण त्याचा शेवटचा फोन त्यांना आला होता. किनाऱ्यापासून थोडा आत एक काळा खडक होता. ओहोटीला वाळूची वाट उघडी पडे, त्या वाटेने अभिराम एकटाच खडकावर जाऊन बसला होता. "आई, येच्यापेक्षा भारी जागाच नाई," तो म्हणाला होता. आधीच्या चार जागाही त्याने अशाच फोनवरून सांगितल्या होत्या. "वाटेवर पानी आलं थोडंसं, पन घोट्याएवढंच हाये." काकूंनी विचारलं, "आभाळ कसं हाये?" तो म्हणाला, कोरं. "मंग कायचं भेव? बुडेपर्यंत पाहून घे," काकूंनी सांगितलं.

आपल्याकडची माणसं पाण्याला आभाळावरून ओळखतात. वर पाऊस झाला तर नदीला पूर, आभाळ कोरं तर नदी गरीब गाय. कोऱ्या आभाळाखाली, वाऱ्याने पानही न हलता पाणी समोरून चालत येतं, हे आपल्या रक्तात नाही. काकूंनी भरती-ओहोटीचा धडा वर्षानुवर्षं शिकवला होता, फळ्यावर चंद्र काढून पोरांकडून घोकून घेतला होता. त्या संध्याकाळी त्यांना आठवली ती फक्त आपली नदी. याची आच त्यांना अजून लागत होती, आणि ती कोणाला दाखवायची सोय नव्हती.

संध्याकाळचा त्यांचा एक नेम होता. वर्ध्याला सूर्य आधी बुडतो, तिकडे थोडा वेळ अजून वर असतो. इथला बुडाला की काकू पायरीवर बसत आणि तिकडचा बुडेस्तोवर कोणाशी बोलत नसत. देवेंद्रराव तेवढा वेळ टीव्हीचा आवाज बंद ठेवत. का, ते त्यांनी कधी विचारलं नाही.

अशात शेजारच्या कोकिळाबाईंच्या वेदश्रीचं लग्न झालं. जावई हिंगणघाटचा, श्रीनिवास नावाचा, हसरा पोरगा. दोघं निघाले ते नेमके तिकडे. वेदश्री काकूंच्या अंगणात वाढलेली, अभिरामला दादा म्हणणारी. बिचारी चाचरतच आली. "काकू, तुमाले वाईट तर नाई वाटनार ना?" काकूंनी तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि चारही जागा सांगितल्या.

"अजून एखादी सांगा ना, जिथं गर्दी नाई."

पाचवी जागा काकूंनी कधीच कोणाला सांगितली नव्हती. त्यामुळे तिथला एकही फोटो कधी आला नव्हता. पोराने शेवटचं काय पाहिलं ते एकदा आपणही पाहावं, ही भूक त्यांना सहा वर्षं लागून होती. आणि खोल आत आणखी एक वेडी आशा होती, की कोण जाणे, तो अजून तिथेच बसला असेल. "एक खडक हाये," त्या म्हणाल्या. वाट कुठून उघडते तेही सांगितलं. पाण्याचं मात्र काही सांगितलं नाही.

पुढचे दोन दिवस तसेच गेले. मन चिंती ते वैरी न चिंती. दहादा मोबाइल हातात घेतला, दहादा ठेवला. एका शब्दाचं काम होतं. पण तो शब्द उच्चारला की फोटोही गेला. कोकिळाबाई भिंतीवरून वाटीभर पाटवडीची भाजी देऊन गेल्या, तेव्हा काकूंना त्यांच्या डोळ्याला डोळा देता आला नाही.

तिसऱ्या दिवशी इथला सूर्य बुडाला, काकू पायरीवर बसल्या, आणि मोबाइल वाजला. व्हिडिओ कॉल होता. वेदश्रीचे केस वाऱ्यावर उडत होते. "काकू, पाहा!" तिने मोबाइल फिरवला.

समोर सगळं पाणी तांबडं झालं होतं. सूर्य खाली टेकायला थोडासाच उरला होता. काकू पाहत राहिल्या. हे पाहिलं होतं त्याने. एवढं सुंदर होतं! त्यांना हुंदका आला, आणि खरं सांगायचं तर त्या हुंदक्यात सुखही होतं.

"मांगं वाटेवर थोडं पानी आलं काकू, पन घोट्याएवढंच हाये," वेदश्री सांगत होती. "आभाळ तर एकदम कोरं. आमी बुडेपर्यंत थांबतो."

काकूंच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की थांब. बुडेपर्यंत थांब, मलाही पाहू दे. एवढासा क्षण होता, पण तो त्यांना पुढे जन्मभर पचला नाही. मग त्या पायरीवरून उठल्या आणि अशा ओरडल्या की रस्त्यावरची माणसं थबकली.

"अभि, मांगं फिर! पानी समोरून येते रे! मी खोटं सांगतलं, थांबू नोको, अभि, वाळूकडे पय!"

पलीकडून श्रीनिवासचा आवाज, मग आकाश, खडक, पाय, पाणी, सगळं पडद्यावर वेडंवाकडं पळू लागलं आणि कॉल तुटला.

देवेंद्रराव दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. सहा वर्षं जे त्यांना कळलं नव्हतं, ते आत्ता एका ओरडण्यात कळलं. काकू मोबाइल दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. भिंतीपलीकडे कोकिळाबाईंच्या कुकरची शिटी झाली.

मोबाइल पुन्हा वाजला. वेदश्री वाळूत बसली होती, छातीपर्यंत भिजलेली, दात वाजत होते. श्रीनिवास तिला धरून होता. "वाटेच्या मधात कमरेच्या वर पानी होतं, काकू," ती रडत म्हणाली. "तुमी आवाज नसता देल्ला तर..." मग तिला काहीतरी उमगलं आणि ती थांबली. "दादा पोहाले नोहता गेला," ती म्हणाली.

"नाई," काकू म्हणाल्या. "मी त्याले थांब म्हणलं होतं."

हे त्या वेदश्रीला सांगत होत्या, पण पाहत होत्या देवेंद्ररावांकडे. आता ते काय म्हणतील, हात उचलतील की उठून निघून जातील, याची त्यांना भीती वाटली. देवेंद्रराव जवळ आले. त्यांनी मोबाइलवर वाकून पाहिलं. वेदश्रीच्या मागे तो खडक दिसत होता, निम्मा बुडालेला, आणि त्याच्या पाठीशी सूर्याची शेवटची कड.

"बेटा," ते म्हणाले, "त्या खडकावर कोनी हाये का?"

वेदश्रीने मागे वळून पाहिलं. "नाई काका. कोनीच नाई."

देवेंद्ररावांनी काकूंचा हात घट्ट धरला. ज्या माणसाने पोराला स्वतःच्या हाताने अग्नी दिला होता, तो पडद्यावर आणखी वाकला.

"नीट पाह्य, बेटा. मांगच्या बाजूनं पाह्य."