काकींचं मनगट

आमच्या चाळीतल्या काकी अळू घेण्याआधी मनगटाला विचारत. देठ मोडायचा, त्याचा रस डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला चोळायचा आणि काही न घेता पुढे निघायचं. बाजाराची पहिली फेरी रिकाम्या पिशवीनं होई. परत येईपर्यंत मनगटाला खाज सुटली, तर ती भाजीवाली त्या दिवसापुरती बाद. "काकी आल्या, त्यांच्या हाताला अळू दाखवा!" असं भाजीवाल्याच एकमेकींना ओरडून सांगत.

मी ठाकूरद्वारला त्यांच्या शेजारच्या खोलीत नवी नवरी म्हणून आले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची चळवळ जोरात होती. माझं माहेर सोलापूरचं. अळूशी ओळख सासरी आल्यावरची. याद्या करण्याची सवय मात्र माहेरून आणलेली. काकी हसत. "अगो सोलापूरकरीण, काय चांगलं आलंय ते बाजारात गेल्यावर कळतं. तू घरी बसून कसं लिहितेस?"

ऋषिपंचमी हा त्यांचा खास दिवस. गणपतीची सुट्टी असे आणि नाक्यावर वसईच्या बायका टोपल्या घेऊन बसत. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून परसातल्या आणि कुंपणावरच्या भाज्यांची एकच मोठी भाजी करायची. अळू, माठ, सुरण, भोपळा, पडवळ, कणसं, आणि अळू-सुरणाची खाज मारायला आंबट अंबाडे. काकी शिराळ्याला नख लावून बघत, कणसाचा दाणा दाबून बघत. "दूध नाही गं यात," म्हणून खाली ठेवत.

काकांचा आवाज मोठा. मोर्च्यात घोषणा द्यायला तेच पुढे. एका वर्षी सत्याग्रहात धरले गेले आणि महिनाभर आत होते. सुटका नेमकी ऋषिपंचमीच्या सकाळी. काकींना तुरुंगाच्या दाराशी जायचं होतं.

"भाजी तू कर," जाताना त्या मला म्हणाल्या. "महिन्यानं घरचं जेवणार आहेत. नीट बघून घे."

मी एकवीस भाज्यांची यादी केली. पहिल्याच टोपलीत वीस मिळाल्या. अंबाडे नव्हते, एवढ्याशा आंबटानं काय होतंय, असं मनाशी म्हटलं. पाव तासात घरी.

काका हार गळ्यात घेऊनच पानावर बसले. दोन घास खाल्ले आणि ठसका लागला. पाणी प्यायले, पुन्हा ठसका. सकाळपासून उपाशी असलेल्या काकींचा हात पहिल्या घासालाच थांबला.

"काय हो, कशी झालीय?"

"उत्तम," काका घोगऱ्या आवाजात म्हणाले. "आतल्या आमटीपेक्षा तर..." पुढचं खोकल्यात गेलं.

संध्याकाळी नाक्यावर त्यांचा सत्कार होता. काका बोलायला उभे राहिले, पण घशातून शब्द फुटेना. आत घोषणा देऊन देऊन आवाज बसला, असं वाटून लोकांनी दुप्पट टाळ्या वाजवल्या. मी मागे उभी राहून रडत होते. काकींनी पदर माझ्या हातात दिला.

"पूस. यादीतलं बरंचसं आणलंस गो, मनगट तेवढं घरी ठेवलंस."

पुढच्या वर्षापासून त्यांनी मला बरोबर नेलं. देठ माझ्या मनगटावर चोळू लागल्या.

काका गेल्यावर काकी शीवला लेकीकडे राहायला गेल्या. डोळ्यांनी दिसेनासं झालं, मग अंथरूण धरलं. त्या पंचमीला मी नाक्यावरून भाजी घेऊन तिकडे गेले. त्यांनी माझा हात ओढून घेतला आणि मनगटावरून अंगठा फिरवला.

"फेरी मारलीस?"

"मारली."

"खाज?"

"नाही."

"अंबाडे?"

"आणलेत, काकी."

"मग बसलीस काय? टाक शिजत."

लेक म्हणत होती, आई हल्ली दोन घासांवर जात नाही. तिसरा घास काकींनी मागून घेतला.

पुढची पंचमी आली तेव्हा काकी नव्हत्या. याद्या मी अजून करते, वाणसामानाच्या, प्रवासाच्या, लग्नकार्याच्या. ऋषिपंचमीचीही करते. बाजारात जाताना ती घरी ठेवून जाते.