अझैबा ते खाबुरा: सपाट रस्त्यावरचे दीड दिवस

मस्कतहून सोहारपर्यंत सायकलने जायचं तर कुठून जायचं, असं गेल्या वर्षभरात मला पाच-सहा जणांनी विचारलं. प्रत्येकाला "लिहितो, लिहितो" म्हणून टोलवलं. आज एकदाचा बसलोय. रस्त्याची माहिती सगळी देतो, पण एक आधीच सांगून टाकतो: आम्ही सोहारला पोचलो नाही. त्यात चूक रस्त्याची नव्हती, माझी होती.

आम्ही म्हणजे मी आणि मुनाफ. मी मूळचा कऱ्हाडचा, इथे एका बांधकाम कंपनीत क्वांटिटी सर्व्हेअर. मुनाफ दाभोळ खाडीकाठचा. मस्कतच्या अझैबा भागातल्या टाइल्सच्या दुकानात एकोणीस वर्षं काउंटर सांभाळतोय. सायकलचं वेड मूळ त्याचं. "सर्वेअर, दुसऱ्यांच्या भिंती मोजून मोजून तुझं पोट भिंतीबाहेर आलं बघ," असं म्हणून त्याने मला सहा वर्षांपूर्वी एका जुन्या सायकलवर बसवलं. तेव्हापासून दर शुक्रवारी पहाटे चाळीस किलोमीटर. मागच्या नोव्हेंबरात गुरुवारची सुट्टी शुक्रवार-शनिवारला जोडून आली, तेव्हा तो म्हणाला, "चल, सोहार मारू. रस्ता परातीसारखा सपाट हाय. तुझ्यासारख्यालापण जमेल."

आणि खरंच सपाट आहे हो. डाव्या हाताला लांबवर डोंगर, उजव्या हाताला समुद्र, आणि मधल्या पट्ट्यात खजुराच्या, लिंबाच्या, केळीच्या बागा. हायवेने अजिबात जाऊ नका. ट्रक अंगावर येतात आणि बघायला काही नाही. सीबपासून समुद्राच्या बाजूचा गावागावातून जाणारा जुना रस्ता धरा. अंतर थोडं वाढतं, वेळ बराच वाढतो, पण सावली मिळते. गतिरोधक मात्र मोजायला जाऊ नका, डोकं फिरेल. वाटेत वाद्या लागतात, म्हणजे डोंगरातून येणारे कोरडे ओढे. रस्ता त्यांच्या पात्रात उतरतो आणि पलीकडे वर चढतो. कडेला पाण्याची पातळी दाखवणारे लाल-पांढरे खांब असतात. सगळ्या प्रवासात चढ म्हणावा तो एवढाच.

गुरुवारी पहाटे साडेपाचला निघालो. निघताना मुनाफने नेहमीप्रमाणे फोन बंद करून सीटखालच्या पिशवीत कोंबला. त्याचा अर्बाब, म्हणजे दुकानाचा मालक, सुट्टीच्या दिवशीसुद्धा "तो बेज रंगाचा डबा कुठे ठेवलास" असे फोन करतो. म्हणून सायकलवर असताना चालू फोन फक्त माझा. त्याच्या घरच्यांकडेही माझा नंबर होता. इतकी वर्षं त्यावर कधी कुणाचा फोन आला नव्हता.

सीबला उजाडलं. मासळीबाजारात सुरमईचे ढीग लागले होते आणि मुनाफ प्रत्येक ढिगापाशी थांबून "आमच्याकडची याच्यापेक्षा गोड" असं सांगत होता. ब्रेक लावत लावत दहाच्या सुमारास बरकाला पोचलो. मल्याळी माणसाच्या टपरीवर कडक चहा आणि अंडा-पराठा घेतला, दोघांचं मिळून एक रियालसुद्धा झालं नाही. मुनाफ हातपाय धुवायला मागे गेला आणि माझा फोन वाजला.

इकबाल होता, मुनाफचा धाकटा भाऊ.

"परागभाई, अम्माला अ‍ॅटॅक आलाय. चिपळूणला आणलंय. शुद्धीवर हाय. पण मुनाफभायला सांगू नका."

"अरे, असं कसं?"

"तो सायकलवर हाय ना. ऐकलं की कुठे गाडीखाली जाईल. सोहारला पोचू दे, मग सांगा. डॉक्टर बोलतात, धोका टळेल."

त्याच्या मागून म्हातारीचा आवाज मला ऐकू येत होता. "मुनाफला लाव. अरे, मुनाफला लाव ना." इकबाल तिला "लावतो, लावतो" म्हणाला आणि फोन ठेवला.

आखातात राहणाऱ्यांना हे मी काय समजावून सांगू? परदेशातल्या माणसाला अर्धी बातमी द्यायची नाही, ही आपल्या घरोघरची रीत. एवढ्या लांब एकटा आहे, उगाच जिवाला घोर नको, तिकिटासाठी धावाधाव नको. माझ्या वडिलांच्या ऑपरेशनचं मला पंधरा दिवसांनी कळलं होतं. तेव्हा मी घरच्यांवर असा काही भडकलो होतो की आईशी आठवडाभर बोललो नाही. आणि मुनाफ तोंड पुसत आला तेव्हा तोच मी म्हणालो, "ऑफिसचा फोन होता रे. चल, यल्ला."

हिशेब अगदी सोपा होता. बरकाहून टॅक्सीने विमानतळ तासाभरावर. दुपारचं विमान मिळालं असतं तर मध्यरात्रीपर्यंत तो चिपळूणला असता. हे मला तेव्हाही दिसत होतं.

दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, इकडे येणाऱ्यांनी लक्षात ठेवा. एकाने पुढे राहून वारा छातीवर घ्यायचा, दुसऱ्याने मागच्या चाकाला चिकटून यायचं आणि दर दहा मिनिटांनी जागा बदलायची, हा सायकलवाल्यांचा नियम. मुनाफ जागा बदलतच नाही. सहा वर्षं मी त्याच्या पाठीमागे आरामात चालवलीय. त्या दिवशी मी पुढे गेलो ते थेट मुसन्ना येईपर्यंत मागे हटलो नाही. त्याच्याकडे बघायला नको, एवढंच कारण. तो मागून ओरडत होता, "आज काय अंगात आलंय रे तुझ्या?"

सुवैकला मुक्काम. चौदा रियालची खोली, गरम पाणी होतं, चादरी स्वच्छ होत्या. खाली हॉटेलात तळलेले मासे आणि भात. जेवून वर आल्यावर मुनाफने फोन चार्जिंगला लावला आणि चालू करायला बोट ठेवलं.

"राहू दे ना," मी म्हणालो. "अर्बाबचे मिस्ड कॉल बघशील आणि झोप उडवून घेशील. उद्या नमाजनंतर घरी फोन करायचाच आहे की."

"ते पण खरं," म्हणाला आणि फोन पालथा ठेवून आडवा झाला. दर शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर तो अम्माला फोन करायचा, कधी चुकला नाही. इकबालचा मेसेज आला होता, "अम्मा बरी आहे, पेज घेतली." मी तो तीन-तीनदा वाचला आणि स्वतःला म्हटलं, बघ, बरंच केलंस.

शुक्रवारी सकाळी वारा पाठीवर होता. सुवैक ते खाबुरा हा सगळ्या रस्त्यातला सर्वांत सुंदर तुकडा, हे मी आजही सांगेन. बागांच्या मातीच्या भिंती, त्यांच्यावरून डोकावणारी आंब्याची झाडं, पाटात चोच बुडवणारे पक्षी. मुनाफ गुणगुणत चालला होता. एका बागेच्या दाराशी पांढऱ्या दाढीचे एक ओमानी आजोबा बसले होते. त्यांनी हात करून बोलावलं. इथे असं बोलावणं आलं तर नाही म्हणू नका. चटईवर खजूर आणि कहवा, म्हणजे अरबी कॉफी, येतो आणि पैसे काढलेत तर ते रागावतात.

कहव्याबरोबर इथे एक रिवाज असतो. यजमान प्रत्येक पाहुण्याला ओळीने विचारतो: तब्येत कशी, घरचे कसे, आणि शेवटी, "अख्बार? उलूम?" म्हणजे काही बातमी? पाहुण्याने म्हणायचं, "मा शै." काही नाही, सगळं ठीक. आजोबांनी मुनाफला आईबद्दल विचारलं. मुनाफ अरबी फर्डं बोलतो. छातीवर हात ठेवून म्हणाला, अल्लाची मेहेरबानी आहे, आई खुशाल आहे, नमाजनंतर आज तिच्याशी बोलणार आहे. आजोबा खूश झाले. मग माझ्याकडे वळले.

"उलूम?"

"मा शै," मी म्हणालो.

तेव्हाही खरं बोललो नाही. का नाही बोललो, याचं उत्तर मी वर्षभर शोधतोय आणि मला एकच सापडतं. मी भ्यालो होतो. आता सांगितलं तर "काल का नाही सांगितलंस" असं तो विचारेल, याला भ्यालो. एका दिवसाची लपवाछपवी झाकायला दुसरा दिवस खर्ची घातला.

बाराच्या आधी खाबुराला पोचलो. मुनाफने मशिदीच्या नळावर तोंड-पाय धुतले, पिशवीतला कुर्ता चढवला आणि आत गेला. मी बाहेर कडुनिंबाखाली दोन्ही सायकली धरून बसलो. खुतबा, म्हणजे नमाजआधीचं प्रवचन, चालू असतानाच इकबालचा फोन आला. त्याला बोलताच येत नव्हतं. दुसऱ्या कुणीतरी फोन घेतला आणि सांगितलं की अर्ध्या तासापूर्वी गेली, गावी नेतोय, दिवस मावळायच्या आत दफन करू.

नमाज संपली. मुनाफ हसत बाहेर आला, पिशवीतून फोन काढत म्हणाला, "थांब हां, आधी अम्मा."

मी त्याचा हात धरला. "मुनाफ, अम्मा गेली रे."

तो खाली बसला. मग म्हणाला, "कधी?"

"आत्ताच. अर्ध्या तासापूर्वी."

"असं अचानक?"

मला तिथे थांबता आलं असतं. नाही थांबलो. "काल अ‍ॅटॅक आला होता."

"काल कधी?"

"आपण बरकाला होतो तेव्हा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. शिवी दिली असती, कानाखाली मारली असती तर मला बरं वाटलं असतं. तो उठला आणि मशिदीतून निघणाऱ्या माणसांकडे पाठ करून उभा राहिला. कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं, मी मोडक्या अरबीत सांगितलं. पाच मिनिटांत एका माणसाने पिकअप आणली, सायकली मागे बांधल्या आणि आम्हाला विमानतळावर सोडलं. पेट्रोलचे पैसेही घेतले नाहीत त्याने, नावही सांगितलं नाही.

संध्याकाळचं तिकीट मिळालं. चारच्या सुमारास आम्ही विमानतळाच्या बाहेरच्या बाकावर होतो, तेव्हा इकबालने कब्रस्तानातून फोन लावून चालू ठेवला. मुनाफ फोन कानाला घट्ट लावून बसला होता. मला काही ऐकू येत नव्हतं. मध्येच तो म्हणाला, "माती टाकतायत," आणि बसल्या जागी त्याने मूठ उघडली आणि मिटली. मी ढसाढसा रडलो. तो नाही रडला.

महिन्याने परत आला. दुकानात जाऊन भेटलो, "ये, बस" म्हणाला, चहा मागवला, गिऱ्हाइकांशी बोलत राहिला. शुक्रवारी तो आता एकटा जातो. माझी सायकल गॅलरीत आहे. अश्विनी, माझी बायको, तिच्यावर टॉवेल वाळत घालते. या रस्त्याबद्दल विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगेन: नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, तीन दिवस ठेवा, पाणी भरपूर घ्या, आणि सगळ्यांचे फोन चालू ठेवा.

गेल्या आठवड्यात दुपारी दाराची बेल वाजली. मुनाफ होता. वर्षभरात पहिल्यांदाच घरी आला. अश्विनीने चहा ठेवला. तो कोचाच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "एक विचारायचंय. इकबालला विचारलं तर तो बोलतो, अम्मा झोपून होती, तिला काही कळत नव्हतं. खरं हाय?"

हो म्हणणं किती सोपं होतं. तेही त्याच्या भल्यासाठीच झालं असतं.

"नाही," मी म्हणालो. "फोनवर मागून तिचा आवाज येत होता. तुला लाव म्हणत होती."

"आवाज कसा होता?"

"नीट होता रे. चांगला खणखणीत."

त्याने कप बशीत ठेवला.

"म्हणजे बोलली असती माझ्याशी."

"बोलली असती," मी म्हणालो.